रेकॉर्ड धुण्याआधी

मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीतल्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला जाऊ लागल्या, तशा माळ्यांवरच्या ट्रंका खाली उतरल्या. त्यांतल्या काहींत रेकॉर्ड निघतात: नाट्यपदं, अभंग, भावगीतं, हिंदी सिनेमाची गाणी. कित्येकींवर पांढरट ठिपके आलेले असतात. धूळ समजून लोक ते ओल्या फडक्याने खसाखसा पुसतात. पण ती बुरशी असते. उपनगरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आतलं कागदी पाकीट ती ओल शोषून घेतं आणि रेकॉर्डला चिकटून बसतं.

हात लावण्याआधी रेकॉर्ड कसली आहे ते बघावं. ७८ आरपीएमची तबकडी लाखेची, जड, हातातून पडली की फुटणारी. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. स्पिरिटचा बोळा फिरवला की खाच गेली आणि तिच्याबरोबर गाणंही. १९४८ साली अमेरिकेत कोलंबियाने ३३⅓ आरपीएमची एलपी आणली. ती व्हिनाइलची, थोडी लवचिक. तिला पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण माझ्या मते घरी त्याच्या वाटेला जाऊच नये.

एलपीच्या एका बाजूला वीस मिनिटांचं गाणं असेल, तर ती सुमारे ६७० फेरे घेते. खाच एकच आणि सलग, उलगडली तर चारशे मीटरच्या आसपास भरेल, आणि रुंदीला जेमतेम केसाएवढी. म्हणून ब्रश खाचेच्या दिशेने, गोल फिरवायचा. आडवा घासला तर मळ खाचेत आणखी दाबला जातो.

बुरशी आधी कोरड्या मऊ ब्रशने, तोंडाला मास्क बांधून, बाल्कनीत झाडावी. मग डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाकून, मायक्रोफायबरच्या कापडाने हलक्या हाताने धुवावं आणि नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने साबण पूर्ण काढावा. नळाचं पाणी सुकलं की क्षार मागे राहतात आणि सुईखाली करकरतात. मधल्या लेबलला पाणी लागू देऊ नये: कागद फुगतो, शाई उतरते, आणि गायकाचं नाव, रेकॉर्डचा क्रमांक तिथेच छापलेला असतो. सुकायला ताटाळ्यात उभी ठेवली तरी चालते. उन्हात मात्र ती हमखास वाकते.

एवढं करून तीच रेकॉर्ड जुन्या पाकिटात सरकवली, तर पुढच्या आषाढात ठिपके परत येतात. माझ्या लेखी धुण्याइतकंच महत्त्व नव्या पाकिटाला आहे. कव्हर जपा, आतलं पाकीट बदला. रेकॉर्ड उभ्या ठेवा, आणि कपाट ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.

सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० साली मुंबईतच सुरू झाली. तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकात संग्राहकांनी जुन्या ध्वनिमुद्रणांची माहिती नोंदवून ठेवली आहे. तेव्हा तुमच्या घरची ट्रंक उघडलीत, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी लेबलांचे फोटो काढा आणि एखाद्या जाणत्या संग्राहकाला दाखवा.