सॉकेटमध्ये बसला म्हणजे जमला का?

व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर म्हटले की परभणी-गंगाखेडकडच्या जुन्या मंडळींना जत्रेतला कर्णा आठवतो. आमच्या परभणीच्या घरी मात्र असा एक अॅम्प्लिफायर अजून गाणी ऐकवतो. त्यात ईएल३४ जातीचे चार व्हॉल्व्ह आहेत, उजव्या-डाव्या बाजूला दोन-दोन. आवाज फाटू लागला म्हणून आम्ही चारही बदलले. क्रमांक तोच, माल नवा. तरीही अर्ध्या तासात एकाची प्लेट तापलेल्या तव्यासारखी लाल झाली! बटण बंद केले म्हणून वाचलो.

असे का झाले? व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि धनभारित प्लेटकडे धावतात. वाटेतल्या जाळीला थोडे ऋण व्होल्टेज देऊन आपण त्यांना आवरतो. या ऋण व्होल्टेजला बायस म्हणतात. गाणे चालू नसतानाही काही विद्युतधारा वाहतच असते, आणि प्लेटवर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या गतिज ऊर्जेची उष्णता होते. ईएल३४ च्या प्लेटची सोसण्याची मर्यादा २५ वॅट. पण एकाच क्रमांकाचे दोन व्हॉल्व्ह एकाच बायसवर सारखी धारा घेतीलच असे नाही.

हिशेब दहावीच्या पुस्तकातलाच आहे. आमच्या संचात प्लेटला ४३० व्होल्ट मिळतात. मर्यादेच्या ७० टक्के, म्हणजे साडेसतरा वॅट धरले, तर धारा येते सुमारे ४१ मिलिअँपिअर. कॅथोडच्या वाटेत १० ओहमचा रोध आहे; त्यावर ०.४१ व्होल्ट दिसले पाहिजेत. त्या लाल झालेल्या व्हॉल्व्हवर दिसले ०.६५! म्हणजे जवळजवळ २८ वॅट. (या धारेत स्क्रीन-ग्रिडचाही थोडा वाटा असतो, पण तो सोडून दिला तरी चूक सुरक्षित बाजूलाच पडते.)

जोडीतले दोन्ही व्हॉल्व्ह सारखे हवेत, तेही शोभेसाठी नव्हे. त्यांच्या धारा आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात परस्परविरुद्ध चुंबकत्व निर्माण करतात. सारख्या असल्या तर ते एकमेकांना खोडून काढते. एक बैल जोरात आणि एक संथ असला की गाडी चाकोरी सोडते. इथे गाभा एका बाजूने आधीच चुंबकित होतो आणि तबल्याचा डग्गा गढूळ ऐकू येतो. म्हणून मोजून जुळवलेली जोडीच घ्यावी.

केटी८८ ची मर्यादा ४२ वॅट, तोच लावला तर? आठ पायांचा तळ सारखाच, म्हणून मोह होतो. पण आवाजाची ताकद मुख्यतः वीजपुरवठा आणि ट्रान्सफॉर्मर ठरवतात. शिवाय त्याच्या फिलामेंटला १.५ ऐवजी १.६ अँपिअर लागतात, चौघांचे मिळून ०.४ अँपिअर जास्त. ६एल६जीसीला ०.९ च पुरतात, पण त्याचा बायस वेगळा. बायस पुन्हा लावल्याशिवाय अदलाबदल नको.

आमच्या संचात मोजणीची टोके मागे बाहेर काढलेली आहेत. तशी नसतील तर हे काम जाणत्या कारागिराचे. बटण बंद केल्यावरही धारित्रांत जीवघेणे व्होल्टेज काही काळ राहते. स्पीकर न जोडता संच चालवू नये, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

एक गोष्ट मात्र आम्हाला उशिरा उमगली. रात्री मागणी घटली की आमच्याकडे २३० चे २५० व्होल्ट होतात आणि प्लेटचे ४३० चे ४६७. दुपारी लावलेला बायस रात्री अपुरा पडतो. म्हणून आता आम्ही ३५ मिलिअँपिअरवरच थांबतो. गाण्यात फरक आमच्या कानांना तरी जाणवलेला नाही.