भाव लिहून द्या

गाडीच्या भावावर घासाघीस करणं ही आपल्याकडे तशी अलीकडची गोष्ट. परमिटराजात प्रीमियर पद्मिनीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं, आणि थांबवत नसेल तर ज्याचा नंबर लागला त्याला वर पैसे मोजायचे. 1983मध्ये मारुती 800 आली. किंमत पन्नास हजारांच्या आत, पण लाखाहून जास्त लोकांनी बुकिंग केलं आणि तिच्यावरही प्रीमियम सुरू झाला. अशा बाजारात गिऱ्हाईक बोलणार काय? 1993मध्ये मोटार उद्योगावरचा परवाना उठला, 1998च्या सुमारास सँट्रो, मटिझ, इंडिका आल्या, तेव्हा कुठे शोरूममध्ये आपल्याला बसा म्हणू लागले.

भाव मात्र तरीही सेल्समनच्या तोंडीच होता. कारवालेसारख्या वेबसाइट 2005पासून येऊ लागल्या आणि ऑन-रोड किंमत घरबसल्या कळू लागली. व्हॉट्सॲप हातोहाती झाल्यावर तर कोथरूडमध्ये बसून चिंचवड, हडपसर, साताऱ्याच्या डीलरकडून कोटेशन मागवता येऊ लागलं. पुष्कळांचा तिथे एक अनुभव असायचा: सगळ्या डीलरांची सूट रुपयाला रुपया सारखीच. फोन केला की उत्तर ठरलेलं, ‘सर, शोरूमला या ना, मग मॅनेजरशी बोलून बघू.’

यामागचं एक कारण 2021मध्ये कागदावर आलं. मारुतीचा डीलर असल्याचं सांगणाऱ्या कुणीतरी 2017मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाला निनावी ईमेल पाठवला होता. तक्रार आपल्याच भागातली होती, मुंबई वगळून महाराष्ट्र आणि गोव्याची. 23 ऑगस्ट 2021च्या आदेशात आयोगाने म्हटलं, की कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे सूट द्यायला डीलरांना मनाई होती. नजर ठेवायला खोटी गिऱ्हाइकं पाठवली जायची आणि बोलणं रेकॉर्ड व्हायचं. जास्त सूट देताना सापडलं तर दंड, तोही नुसता डीलरशिपला नव्हे, समोरच्या सेल्सच्या मुलालाही. आयोगाने कंपनीला 200 कोटींचा दंड केला, कंपनी अपिलात गेली. ह्युंदाईला अशाच आरोपावरून 2017मध्ये झालेला 87 कोटींचा दंड पुढच्या वर्षी अपिलात रद्द झाला होता, हेही सांगायला हवं. पण तो आदेश वाचल्यावर मला त्या सेल्सच्या मुलांबद्दल वाईट वाटलं. आपण ज्याला आडमुठा समजत होतो, त्याला कदाचित समोरचं गिऱ्हाईक खरं की खोटं याचीच धास्ती असेल.

म्हणून माझं मत असं झालं आहे, की इंटरनेटने गाडी फारशी स्वस्त केली नाही. त्याने भाव सुटा करून दाखवला, आणि ते जास्त मोलाचं आहे. आज आलेलं कोटेशन उघडून बघा. वर एक्स-शोरूम किंमत. खाली रोड टॅक्स. महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के, तिथे कुणाचं काही चालत नाही. गाडी 10 लाखांच्या वर असेल तर 1 टक्का टीसीएस, तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, म्हणजे तो खर्च नव्हेच. मग विमा. थर्ड पार्टीचा दर ठरलेला असतो आणि सप्टेंबर 2018पासून तो तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग आणि झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) यांत बराच वाव असतो. डीलरकडूनच विमा घ्या, अशी सक्ती करता येत नाही. त्याखाली हँडलिंग चार्जेस, ॲक्सेसरीज किट, एक्स्टेंडेड वॉरंटी. खरी घासाघीस इथे करायची, आणि ती लेखी. ‘हँडलिंग कशाचे, तेवढं लिहून पाठवा’ असा एक मेसेज गेला की कित्येकदा ती ओळ पुढच्या कोटेशनमधून गायब होते. आणि गाडी कोणत्या महिन्यात बनली तेही त्याच मेसेजमध्ये विचारावं. जानेवारीत मागच्या वर्षीची गाडी नव्याच्या भावात का घ्यायची?

अर्थात ही घासाघीस गाडी हजर असेल तरच चालते. 2021-22मध्ये चिपचा तुटवडा पडला आणि सूट आटली. लोकप्रिय गाड्यांना पुन्हा महिनोन्‌महिने वेटिंग लागलं. त्याच सुमारास, ऑक्टोबर 2021मध्ये, चाकणच्या मर्सिडीज-बेंझने घासाघीसच मोडीत काढली: गाडी कंपनीच्या मालकीची, बिल कंपनीचं, देशभर एकच किंमत, डीलर फक्त मध्यस्थ. हे सरळ आहे खरं. पण डीलरांमधली चढाओढच संपली तर उद्या किंमत खाली कोण खेचणार, ही शंका मला राहतेच.

22 सप्टेंबर 2025ला लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्के अधिक सेसवरून 18 टक्क्यांवर आला. कंपन्यांनी नवे दर जाहीर केले आणि लोकांनी ते तपासायला घेतले. एक्स-शोरूम किंमत उतरली की तिच्यावर आकारला जाणारा रोड टॅक्स आणि विम्यातला नुकसानीचा भागही उतरायला हवा. ज्यांच्या फोनमध्ये ऑगस्टचं जुनं कोटेशन होतं, त्यांना ते नव्याशेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघता आली.