जर्मनीला निघालेल्या लेकीसाठी
मैत्रिणींनो, लेक किंवा सून नोकरीसाठी जर्मनीला निघाली, की आपण लोणची-मसाले बांधून देतो. जोडीला तिथल्या कायद्याच्या चार गोष्टीही तिच्या कानावर घाला.

किमान ५ कायम कर्मचारी असले, की त्यांना ‘बेट्रीप्सराट’ म्हणजे कामगार समिती निवडता येते. मुदत ४ वर्षे, खर्च मालकाचा. ती आपोआप होत नाही हं, कर्मचाऱ्यांनीच निवडायची! समिती असूनही तिचे म्हणणे न ऐकता मालकाने कुणाला काढले, तर १९७२ च्या कायद्याने ते काढणे रद्द ठरते. दिवस गेल्याचे मालकाला कळवले, की बाळंतपणानंतर ४ महिन्यांपर्यंत सहसा काढता येत नाही.

तरी पत्र आलेच, तर रडत बसू नये. ३ आठवड्यांच्या आत कामगार न्यायालय गाठावे. मुदत टळली, की खरी बाजूही सहसा पडते!