न्यूट्रॉनांच्या हिशेबापासून शाळेच्या फळ्यापर्यंत

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तारापूर, तर वर घाटमाथ्याकडे जव्हार आणि मोखाडा. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ पासून वीज मिळते आहे. मोखाड्याच्या वैतरणेचे पाणी मुंबई पिते. या डोंगरी तालुक्यांतली वारली, कोकणा, कातकरी, ठाकर मुले विज्ञान कसे शिकतात, हा विचार मनात आला की मला भालचंद्र माधव उदगावकर आठवतात.

उदगावकरांचा जन्म १९२७ चा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी जमवलेल्या तरुणांतले ते एक. सुरुवातीला त्यांच्या वाट्याला आले अणुभट्टीचे भौतिकशास्त्र. युरेनियम-२३५ चे एक केंद्रक फुटले की सरासरी अडीचच्या आसपास न्यूट्रॉन बाहेर पडतात. काही भट्टीतल्या पाण्यात शोषले जातात, काही भट्टीबाहेर निसटतात. उरलेल्यांपैकी नेमक्या एकाने पुढचे केंद्रक फोडले, तर साखळी एका लयीत चालते; कमी पडले तर विझते, जास्त झाले तर वाढत जाते. हा ताळेबंद इंधन भरण्याआधी कागदावर जुळावा लागतो, आणि तेव्हा मोठे संगणक हाताशी नव्हते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. पाण्याच्या खोल हौदात बुडवलेली ही भट्टी वरून उघडी दिसे, आणि चालू असताना तळाशी निळा उजेड पसरे. पाण्यातल्या प्रकाशापेक्षा वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन तो उजेड निर्माण करतात.

अणुऊर्जेच्या कारभारातच ते मोठे अधिकारी होऊ शकले असते. ते वळले कणभौतिकीकडे. इटलीच्या तुल्लिओ रेजे यांनी १९५९ मध्ये कोनीय संवेगाकडे पाहण्याची नवी गणिती दृष्टी दिली होती. प्रचंड ऊर्जेचे दोन कण एकमेकांवर आदळून विखुरतात तेव्हा ती कितपत लागू पडते, हा त्या काळातला ऐरणीवरचा प्रश्न होता. १९६२ मध्ये उदगावकरांचे या विषयावरचे निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आले. त्यांतला एक मरे गेल-मान यांच्यासोबतचा आहे. याच गेल-मान यांना पुढे १९६९ चे नोबेल मिळाले. त्या निबंधात ही दृष्टी एकेकट्या कणांवरून अख्ख्या केंद्रकापर्यंत नेली आहे. केंद्रकापासून सुरू झालेला त्यांचा अभ्यास कणांमार्गे पुन्हा केंद्रकाशी येऊन भिडला, हे मला फार देखणे वाटते.

इतक्या उंचीवरचा हा माणूस शाळेत शिरला. १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले, त्यामागे त्यांचा मोठा हात होता. केंद्राचे काम मुंबई महापालिकेच्या शाळांत झाले, तसेच जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातही. मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षपदही उदगावकरांनी सांभाळले. संशोधकाने शिक्षणाकडे फावल्या वेळचे काम म्हणून पाहू नये, ही त्यांची भूमिका मला पूर्णपणे पटते.

केंद्रातले वि. गो. कुलकर्णी हेही मूळचे भौतिकशास्त्रज्ञच. त्यांनी आणि त्यांचे सहकारी गंभीर यांनी एक गोष्ट नीट तपासली: मूल विज्ञानात मागे पडते, त्यात पाठ्यपुस्तकाच्या भाषेचा वाटा किती? वाटा मोठा निघाला. वाक्ये सोपी केल्यावर तोच आशय मुलांना समजू लागला.

जव्हार-मोखाड्यात ही अडचण दुप्पट होते. घरी वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली प्रमाण मराठीच आधी शिकावी लागते, मग त्यातले विज्ञान. बाईंनी किंवा गुरुजींनी प्रयोग आधी हातात दिला, त्यावर मुलांना त्यांच्या बोलीत बोलू दिले आणि पुस्तकातली संज्ञा सर्वांत शेवटी सांगितली, तर वाट बरीच मोकळी होईल.

कणभौतिकी शिकवायला तर इथे फार काही लागणारही नाही. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात म्युऑन नावाचे कण तयार होतात. तळहाताएवढ्या जागेतून मिनिटाला शंभराच्या आसपास म्युऑन पार होतात, मुंबईतही आणि मोखाड्यातल्या सूर्यमाळलाही. काचेचे पात्र, आत वरच्या बाजूला अल्कोहोलने भिजवलेली पट्टी, तळाखाली कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) आणि बाजूने विजेरीचा झोत एवढ्या सामग्रीवर त्यांच्या वाटा धुक्याच्या बारीक रेघांसारख्या उमटतात. कोरडा बर्फ थर्माकोलच्या खोक्यात दिवसभर टिकतो, म्हणजे सकाळी मुंबईहून निघालेले खोके दुपारच्या तासाला जव्हारला वापरता येते. त्याला हात लावायचा तो जाड हातमोजे घालूनच, आणि वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवून.