जुना लॅपटॉप स्लो झालाय? विंडोज हार्ड डिस्कवरून एसएसडीवर असं हलवा

आमच्या मांडवगण फराट्यात बऱ्याच घरांत सात-आठ वर्षं जुना लॅपटॉप सापडतो. दादाने कॉलेजसाठी घेतलेला, आता धाकट्याकडे आलेला. बटण दाबून चहा पिऊन होतो, तरी डेस्कटॉप उघडत नाही. मग घरात विषय निघतो, "नवीन घ्यावा लागेल." थांबा! बऱ्याचदा दोष प्रोसेसरचा नसतो, आतल्या हार्ड डिस्कचा असतो. तेवढीच बदलून विंडोज, फाइल्स, सॉफ्टवेअर सगळं जसंच्या तसं नव्या एसएसडीवर नेता येतं.

फरक एवढा का पडतो?

हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० वेळा. फाइल वाचायला एक बारीक हेड चकतीवर इकडून तिकडे सरकतं. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल्स लागतात, त्यामुळे सगळा वेळ या धावपळीत जातो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तुमच्या मोबाइलमध्ये असते तशीच फ्लॅश मेमरी असते. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, तर साटा एसएसडी ५०० एमबीच्या आसपास.

सी ड्राइव्ह कॉपी-पेस्ट केला तर?

नाही चालणार. विंडोज चालू असताना त्याच्या काही फाइल्स लॉक असतात. शिवाय कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या फाइल्स बहुतेक वेळा एका लपलेल्या छोट्या पार्टिशनमध्ये असतात. म्हणून अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत काढावी लागते. यालाच क्लोनिंग म्हणतात. त्यासाठी क्लोनझिला हे मोफत सॉफ्टवेअर आहे. काही कंपन्या एसएसडीसोबत स्वतःचं सॉफ्टवेअरही देतात. नवशिक्यांना ते सोपं पडतं.

कसं करायचं?

१. आधी फोटो, मार्कशीट, प्रोजेक्ट वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर हे काम आजच करा.

२. बिटलॉकर चालू आहे का बघा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा आणि क्लोनिंगपुरतं ते बंद करा.

३. एसएसडी जुन्या डिस्कएवढी किंवा मोठी घेतली तर काम सोपं होतं. लहान घेतली तर आधी पार्टिशन लहान करावं लागतं.

४. साटा-यूएसबी केबलने एसएसडी लॅपटॉपला जोडा. यूएसबी ३ चा पोर्ट वापरा, तो बऱ्याचदा निळा असतो.

५. आता सगळ्यात नाजूक पायरी. सोर्स म्हणजे जुनी डिस्क, टार्गेट म्हणजे नवी. टार्गेटवरचं सगळं पुसलं जातं. इथे उलट निवडलं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर कॉपी होईल आणि ताईच्या लग्नाचे फोटो गेले म्हणून समजा! डिस्कचं नाव आणि साइज दोनदा वाचा, मगच ओके करा.

६. क्लोन झाल्यावर लॅपटॉप बंद करा, जुनी डिस्क काढून तिथे एसएसडी बसवा आणि सुरू करा. विंडोजचं लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेलं असतं, त्यामुळे सहसा पुन्हा घ्यावं लागत नाही.

मध्येच लाइट गेली तर?

गावाकडे हा प्रश्न हमखास येतो. २०० जीबी डेटाला तास-दीड तास सहज लागू शकतो आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी तेवढी टिकत नाही. पण घाबरू नका. क्लोनिंगमध्ये जुनी डिस्क फक्त वाचली जाते. लाइट गेली तर नव्या डिस्कवरचं काम अर्धवट राहतं, ते पुन्हा पहिल्यापासून करायचं. तरी इन्व्हर्टर असेल तर त्यावरच करा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. एसएसडीने लॅपटॉप पळायला लागेल, पण जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत येणार नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, हे लक्षात ठेवूनच पैसे घाला.

आणि जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. दोन-तीन आठवडे नव्यावर सगळं नीट चालू दे. तोवर तीच तुमचा बॅकअप आहे.