घर चाकांवर, सोबत कुत्रा आणि बाहेर लॉकडाऊन : युरोपातल्या व्हॅनवाल्यांचं नेमकं काय झालं?

इन्स्टाग्रामवर 'व्हॅनलाइफ' सर्च केलं की बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. मागचं दार उघडं असलेली कॅम्परव्हॅन, समोर समुद्र, गादीवर पसरलेला कुत्रा आणि कुणाच्या तरी हातात कॉफीचा मग. हा हॅशटॅग अमेरिकेतल्या फॉस्टर हंटिंग्टन या फोटोग्राफरने २०११ मध्ये वापरायला सुरुवात केली आणि पुढे तो जगभर गेला.

पण मार्च २०२० मध्ये एकामागून एक देशांनी आपल्या लोकांना एकच गोष्ट सांगितली, 'घरी थांबा.' आता ज्यांचं घर म्हणजेच गाडी होती, त्यांनी थांबायचं कुठे? आणि सोबत कुत्रा असेल तर? या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त शोधावं लागलं ते युरोपात फिरणाऱ्या ब्रिटिश व्हॅनवाल्यांना. कारण त्यांच्या वाट्याला महामारी आणि ब्रेक्झिट, दोन्ही एकाच वर्षात आलं.

हे लोक स्पेनमध्ये करत काय होते?

ब्रिटनमधला हिवाळा थंड, ओला आणि अंधारा. त्यामुळे दरवर्षी तिथले अनेक निवृत्त लोक मोटरहोम घेऊन दक्षिण स्पेन किंवा पोर्तुगाल गाठतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्यासोबत काही तरुणही असतात. यातले काही जण घर विकून किंवा भाड्याने देऊन वर्षानुवर्षं व्हॅनमध्येच राहतात.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं खरं, पण ३१ डिसेंबरपर्यंत संक्रमणकाळ होता. म्हणजे तोवर फिरण्याचे नियम जुनेच. माणसाला व्हिसा नको आणि कुत्र्याला एक छोटं निळं पुस्तक पुरायचं. त्याचं नाव 'पेट पासपोर्ट'. त्यात कुत्र्याच्या मायक्रोचिपचा नंबर आणि रेबीजच्या लसीची नोंद असायची. लस वेळेवर दिली की हे पुस्तक पुन्हा पुन्हा चालायचं.

१४ मार्चनंतर काय बदललं?

१४ मार्च २०२० ला स्पेनने आणीबाणी जाहीर केली. अन्न, औषधं, काम अशा मोजक्या कारणांशिवाय घराबाहेर पडायला बंदी आली. १६ मार्चच्या रात्रीपासून स्पेन आणि पोर्तुगालमधली सीमा पर्यटकांसाठी बंद झाली. १७ मार्चला फ्रान्समध्ये लॉकडाऊन लागला. त्याच दिवशी ब्रिटनने आपल्या नागरिकांना अनावश्यक परदेश प्रवास टाळायला सांगितलं आणि २३ मार्चला परदेशात असलेल्या प्रवाशांना परत यायला सांगितलं.

मग १९ मार्चला स्पेनने हॉटेलं आणि कॅम्पसाइट बंद करण्याचा आदेश काढला. त्यात एक पळवाट होती. जे लोक आधीपासून तिथे दीर्घकाळासाठी राहत होते आणि ज्यांच्या राहण्याच्या जागेतच रोजच्या गरजा भागत होत्या, त्यांना ठेवून घेता येत होतं. म्हणजे मोटरहोममध्ये स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असेल, तर कॅम्पसाइटचा मालक तुम्हाला राहू देऊ शकत होता. पण नवीन पाहुणा घ्यायचा नाही.

म्हणजे १४ मार्चला तुम्ही कुठे उभे होतात, यावर पुढचं बरंच काही ठरलं. कॅम्पसाइटवर होतात तर एक ठिकाण तरी होतं. समुद्रकिनारी किंवा डोंगरात फुकट जागा शोधून थांबला होतात, तर पोलीस उठवणार आणि जायला जागाही नाही.

कॅम्पसाइट नसली तर एवढं काय बिघडतं?

रील्समध्ये न दिसणारी गोष्ट म्हणजे व्हॅनचा संडास. बहुतेक कॅम्परव्हॅनमध्ये संडासाखाली काढता येणारी एक पेटी असते. ती साधारण १८-२० लिटरची. दोन माणसं असतील तर ती दोन-चार दिवसांत भरते आणि ठरलेल्या ठिकाणीच रिकामी करावी लागते. पिण्याच्या पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी आणि स्वयंपाकाचा गॅस यांचंही असंच.

हे सगळं करायच्या जागा म्हणजे कॅम्पसाइट आणि काही गावांनी मोटरहोमसाठी केलेले सोयीचे तळ. ते बंद झाले की व्हॅन काही दिवसांत राहण्याजोगी उरत नाही. त्यात कुत्र्याला पाणी जास्त लागतं आणि चिखलात लोळून आला तर धुवायलाही लागतं.

कुत्रा म्हणजे बाहेर पडायचा परवाना

एका बाबतीत मात्र कुत्रावाले नशीबवान ठरले. स्पेनमध्ये कुत्र्याला फिरवायला नेण्याची परवानगी होती. थोडा वेळ, घराच्या जवळ आणि एकाच माणसाने. लहान मुलांना मात्र २६ एप्रिलपर्यंत फिरायला बाहेर पडता येत नव्हतं. मोठ्यांना व्यायामासाठी बाहेर पडायची मुभा मिळाली ती २ मे रोजी. म्हणजे स्पेनमध्ये जवळपास सहा आठवडे लहान मुलांपेक्षा कुत्र्यांना जास्त स्वातंत्र्य होतं.

लोकांनी याचा फायदा घेण्याचा प्रयत्नही केला. पालेन्सिया शहरात एक माणूस चक्क खेळण्यातला कुत्रा दोरीला बांधून फिरवत होता. पोलिसांनी त्याला हटकलं आणि ती गोष्ट जगभर व्हायरल झाली.

फ्रान्सचा नियम आणखी मोजूनमापून होता. सही केलेला फॉर्म सोबत ठेवायचा, त्यावर निघायची वेळ लिहायची आणि घरापासून एक किलोमीटरच्या आत, जास्तीत जास्त एक तास फिरायचं. कुत्र्याला बाहेर नेणं हे त्यातलं एक मान्य कारण होतं.

व्हॅनवाल्यांची गोची इथेच होती. 'घराजवळ' आणि 'घरापासून एक किलोमीटर' हे मोजायचं कुठून? त्या फॉर्मवर पत्ता लिहायचा असतो. कॅम्पसाइटवर असलेल्यांनी तिथला पत्ता लिहिला. रस्त्याकडेला असलेल्यांकडे लिहायला काहीच नव्हतं.

एकाच जागी अडकून पडल्याने कुत्र्यांच्या तब्येतीचेही प्रश्न आले. स्पेन-पोर्तुगालमधल्या पाइनच्या झाडांवर एक केसाळ सुरवंट असतो. हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात हे सुरवंट रांगेने जमिनीवर उतरतात. कुत्र्याने त्यांना हुंगलं किंवा चाटलं तर जीभ सुजते, काही वेळा तिचा भाग सडतो आणि जीवही जाऊ शकतो. पुढे ऊन वाढलं की सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या येतात. त्यांच्यामुळे कुत्र्यांना लेशमॅनिया होतो. अशा वेळी एरवी व्हॅनवाला दुसरीकडे निघून जातो. त्या वसंतात ते शक्य नव्हतं. प्राण्यांचं खाद्य विकणारी दुकानं आणि प्राण्यांचे दवाखाने स्पेनने सुरू ठेवले, हीच काय ती जमेची बाजू.

मग सरळ विमान पकडून घरी का गेले नाहीत?

एकतर गाडी, म्हणजे अख्खं घर, परदेशात सोडून जायचं कसं? आणि दुसरं कारण कुत्रा. मार्गदर्शक कुत्र्यांसारखे अपवाद सोडले तर ब्रिटनमध्ये विमानाच्या केबिनमधून पाळीव प्राणी आणता येत नाही. तो मालवाहतुकीत, कार्गो म्हणूनच यावा लागतो. विमानं रद्द होत असताना ही सोय जवळपास हाताबाहेरची होती.

त्यामुळे उरला रस्ता. दक्षिण स्पेनमधून फ्रान्सच्या कॅले बंदरापर्यंत सुमारे दोन हजार किलोमीटर. तिथून समुद्राखालच्या बोगद्यातून ट्रेनवर गाडी चढवायची आणि साधारण ३५ मिनिटांत ब्रिटनच्या फोकस्टनला उतरायचं. या प्रवासात माणसं आणि कुत्रा, दोघंही आपापल्या गाडीतच बसतात. महामारीत हे सगळ्यात सुरक्षित वाटणं साहजिक होतं.

पण इथे आणखी एक अट होती. ब्रिटनमध्ये येणाऱ्या कुत्र्याला टेपवर्मवरचं जंताचं औषध द्यावंच लागतं. ब्रिटनमध्ये नसलेला एक घातक टेपवर्म युरोपातून येऊ नये म्हणून हा नियम आहे. हे औषध पोहोचण्याच्या किमान २४ तास आधी आणि जास्तीत जास्त १२० तास आधी डॉक्टरांकडूनच द्यायचं आणि तशी नोंद करून घ्यायची.

म्हणजे आधी लॉकडाऊनमध्ये उघडा दवाखाना शोधा, अपॉइंटमेंट घ्या आणि मग पाच दिवसांच्या आत दोन देश पार करा. वाटेत हॉटेलं बंद, कॅम्पसाइट बंद, पोलीस थांबवून कागद बघणार. गाडी बिघडली किंवा कुणी अडवून ठेवलं की औषधाची मुदत संपणार आणि पुन्हा दवाखाना शोधावा लागणार.

घरी पोहोचले, पण घर कुठाय?

ब्रिटनमध्ये पोहोचून प्रश्न सुटला असंही नाही. इंग्लंडमधल्या कॅम्पसाइट पर्यटकांसाठी ४ जुलै २०२० पर्यंत बंद होत्या. ८ जूनपासून बाहेरून येणाऱ्यांना एक फॉर्म सक्तीचा झाला. त्यात तुम्ही १४ दिवस कुठे विलगीकरणात राहणार तो पत्ता द्यायचा होता. ज्यांनी घर भाड्याने दिलं होतं त्यांना भाडेकरूला बाहेर काढता येत नव्हतं. मग नातेवाइकांच्या अंगणात गाडी लावणं, हाच मार्ग उरत होता.

१ जानेवारी २०२१ : दोन घड्याळं

संक्रमणकाळ संपला आणि नियम एका रात्रीत बदलले.

माणसासाठी : शेंगेन देशांमध्ये कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. स्पेन, फ्रान्स, पोर्तुगाल सगळे मिळून ९०. अख्खा हिवाळा दक्षिणेत काढणं व्हिसाशिवाय बंद. ३१ डिसेंबरच्या आत एखाद्या देशाचे कायदेशीर रहिवासी झालेल्यांना जुने हक्क मिळाले. पण रहिवासी व्हायचं तर पुन्हा पत्ता लागतो आणि तोच व्हॅनवाल्यांकडे नव्हता.

कुत्र्यासाठी : ब्रिटनमध्ये काढलेला पेट पासपोर्ट युरोपात जायला निरुपयोगी झाला. त्याऐवजी दर फेरीला नवीन 'अ‍ॅनिमल हेल्थ सर्टिफिकेट' काढायचं. ते युरोपात शिरण्याआधीच्या १० दिवसांत काढावं लागतं, पुढे चार महिने चालतं आणि त्यासाठी बहुतेक दवाखाने शंभर पौंडांच्या वर पैसे घेतात.

कुत्र्याच्या खाण्याचंही तेच. ब्रिटनमधून मांस किंवा दुधाचे पदार्थ सोबत नेता येणं बंद झालं आणि त्यात मांस असलेलं कुत्र्याचं खाणंही आलं.

यात कोरोना मिसळला की गणित आणखी अवघड. मार्च २०२१ च्या अखेरीपासून १७ मेपर्यंत इंग्लंडमधून सबळ कारणाशिवाय परदेशी निघणाऱ्याला ५ हजार पौंड दंड होता. स्पेन आणि पोर्तुगालमधली सीमा त्या वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल पुन्हा बंद होती.

मालकच आजारी पडला तर?

ही भीती सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी बोलली गेलेली. हाँगकाँगमध्ये फेब्रुवारी २०२० च्या शेवटी कोरोना झालेल्या एका महिलेच्या १७ वर्षांच्या पॉमेरेनियन कुत्र्याचे नमुने 'वीक पॉझिटिव्ह' आले आणि प्रशासनाने त्याला विलगीकरणात नेलं. कुत्र्यांमुळे माणसांमध्ये साथ पसरते असं नंतर दिसलं नाही. पण माणूस दवाखान्यात गेला तर कुत्र्याला सांभाळणार कोण, हा प्रश्न राहिलाच. घरात राहणाऱ्याला शेजारी असतो. परक्या देशात व्हॅनमध्ये एकट्याने राहणाऱ्याला शेजारच्या गाडीतला माणूस, तोही असला तर.

यातून आपण काय घ्यायचं?

महाराष्ट्रात आपणही जिल्हा ओलांडायला ई-पास काढलाच आहे. त्या पासवरही 'कुठून' आणि 'कुठे' हे रकाने होते. लॉकडाऊनचे जगभरातले बहुतेक नियम हेच गृहीत धरून बनले की प्रत्येकाला एक पक्का पत्ता आहे. ज्यांना तो नव्हता, त्यांच्यासाठी नियम पाळणंच अवघड होऊन बसलं. सोबत कुत्रा असेल तर त्याच्या तारखा माणसाच्या तारखांशी जुळवणं हे वेगळंच काम.

आणि रील बघून तुमच्याही मनात कुत्र्याला घेऊन युरोप फिरायचा विचार आला असेल, तर कागदांची तयारी बरीच आधी सुरू करा. भारतातून कुत्रा नेताना मायक्रोचिप, रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रक्ताची अँटिबॉडी चाचणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिन्यांची वाट, हे सगळं लागतं. म्हणजे तिकिटाच्या आधी किमान चार महिने. व्हॅन त्या मानाने लवकर मिळते.