विजेला वाट दाखवणारा लेसर

स्वित्झर्लंडमधल्या सँटिस शिखरावर 124 मीटर उंच दूरसंचार मनोरा आहे. त्याला वर्षाला शंभरेक वेळा वीज गाठते. 2021 च्या उन्हाळ्यात जिनिव्हा विद्यापीठाचे ज्याँ-पिएर वोल्फ आणि सहकाऱ्यांनी त्याच्याशेजारी लेसर बसवला. सेकंदाला सुमारे हजार स्पंद, प्रत्येक जेमतेम एक पिकोसेकंदाचा.

तेवढ्या क्षणापुरती शक्ती अर्ध्या टेरावॉटच्या घरात जाते! अशा तीव्र प्रकाशाने हवाच भिंगासारखी वागू लागते आणि शलाका आपली आपणच एकवटते. मग हवेचे रेणू आयनित होतात, तो प्लाझ्मा शलाकेला पुन्हा फाकवतो. या ओढाताणीतून केसाच्या जाडीचा प्रकाशतंतू तयार होतो.

गरम-थंड हवेचे भोवरे कुठल्याही शलाकेला डळमळवतात. ताऱ्यांचं लुकलुकणंही त्यांचंच. तंतूही हलतो, पण सहसा तुटत नाही. कारण त्याची बरीचशी ऊर्जा गाभ्याबाहेरच्या प्रकाशात असते आणि तिथून रसद चालू राहते. पाण्याचा थेंब आडवा आला, तरी तंतू पुढे पुन्हा जुळतो. रुंद, शक्तिशाली शलाकेत मात्र अनेक तंतू फुटतात आणि ते कुठे उगवतील, यात खवळलेल्या हवेची लुडबुड असतेच.

सँटिसवर तंतूंनी तापवलेली विरळ हवा विजेला सोयीची ठरली. चार विजांना लेसरने वाट दाखवली. त्यातली एक, 24 जुलैची, कॅमेऱ्यात सापडली: सुमारे 50 मीटर ती शलाकेच्या कडेकडेनेच गेली.